आरेच्या पाड्यावर, कडी लावलेल्या दाराशी

मुंबईहून परत आल्यावर सासूने पहिलं विचारलं, "खायला काय घालत?" मग विचारलं, दर्या खरंच एवढा मोठा असतो का. शेजारची पारू मात्र भलतंच विचारून बसली. "मुंबईत आपली माणसं आहेत म्हणतात. उंच बिल्डिंगीत राहतात का गं?"

आपली माणसं आहेत. बिल्डिंगीत नाहीत, निदान सगळी नाहीत. गोरेगाव आणि पवईच्या मधे आरेचं रान आहे, त्यात वारल्यांचे पाडे आहेत. बोरिवलीच्या जंगलातही आहेत. मी आरेतल्या एका पाड्यावर जाऊन आले. तिथे काय झालं ते सांगायला लागले तेव्हा पारू निवडायला घेतलेले तांदूळ तसेच सोडून ऐकत बसली. म्हणून आता लिहूनच काढते.

मी जव्हारच्या बाजूची, वारली. एका संस्थेत कुटुंब-सेविका आहे. कुणी बोलायचं बंद केलंय, कुणी दारूत बुडालाय, कुणाच्या पोरीने फवारणीचं औषध तोंडाला लावलंय, अशा घरी जायचं, बसायचं, ऐकायचं आणि गरज पडली तर दवाखान्यापर्यंत सोबत करायची, हे माझं काम. आमच्यासारख्या आदिवासी भागातल्या बायकांसाठी मुंबईत शिबिर होतं. विषय असा की आपल्या माणसांच्या मनाची दुखणी आपल्या रीतीभाती धरून कशी समजून घ्यायची. जागा ठरली होती मढला.

मढ

वर्सोव्याच्या धक्क्यावरून मढला होडी जाते. पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर, तरी मी होडीची कड घट्ट धरून बसले होते. शेजारी मेळघाटची कमल, कोरकू. तिने तर डोळेच मिटले होते. आम्ही दोघी डोंगरातल्या, पाणी म्हणजे आम्हाला विहीर नाहीतर ओढा. समोरची कोळीण पाटीवर हात ठेवून आमची गंमत बघत होती. "बुडत नाय गो," ती म्हणाली, "नीट बस फक्त."

उतरल्याबरोबर वास आला. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते, ओळीच्या ओळी. कमलने पदर नाकाला लावला. मला मात्र घरचाच वास वाटला. आमच्या बाजारात हेच बोंबील कडक होऊन येतात आणि नागलीच्या भाकरीबरोबर आम्ही ते निखाऱ्यावर भाजून खातो. ओला बोंबील मी पहिल्यांदाच पाहिला. एवढा मऊ, की हातात धरला तर पाण्यासारखा निसटला.

आमचं शिबिर होतं तो बंगला शूटिंगसाठी भाड्याने देतात तसल्यांपैकी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेटपाशी उभ्या होतो, तर शेजारच्या बंगल्यातून टोपीवाला एक माणूस धावत आला. "अरे यार, तुम्ही सगळ्या इथे काय करताय? चला, चला, लाईट लागलीय!" शिबिराच्या हॉलमध्ये नेत असेल असं समजून आम्ही त्याच्या मागे गेलो. आत पानांचे घागरे घातलेल्या, तोंडावर पांढरे पट्टे ओढलेल्या पोरी एका मोठ्या हंड्याभोवती उभ्या होत्या. त्याने कमलच्या हातात पिसांचा मुकुट दिला. "हा घाल, मावशी. तू पुढे राहा. तुझा फेस एकदम ओरिजिनल आहे."

कमलने मुकुट उलटासुलटा करून पाहिला. "हा कोणत्या गावचा?"

"जंगलातला. कुठलाही चालतो ना."

"मग तुलाही चालेल," म्हणत तिने तो त्याच्या टोपीवर ठेवला आणि बाहेर पडली. आम्ही परत येईपर्यंत हसत होतो. कमल हसली नाही. दुपारी जेवलीही नाही.

शिबिर घेणारी शिल्पा घाटकोपरची. तिचे आजोबा मालवणाकडून गिरणीत कामाला आलेले. ती आमच्याच वयाची होती, पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम म्हणा, पण तू म्हणा. माझं बोलणं फटकळ आहे, मनावर घेऊ नका."

पहिल्याच वर्गात भांडण झालं. शिल्पाने सांगितलं, डॉक्टर विचारतात, तुम्हाला इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात का. कमल ताडकन म्हणाली, "हे माझ्या गावात विचारलं तर निम्मं गाव वेडं निघेल. माझी आई रोज सकाळी माझ्या वारलेल्या बापाशी बोलते. बी कधी टाकायचं ते तो सांगतो तिला."

"बरं. आणि आई आजारी आहे का?"

"नाही!"

"मग ती आजारी पडली हे तू कशावरून ओळखशील?"

कमल म्हणाली, "बाप तिला शिव्या घालायला लागला तर. किंवा जेवणखाण टाकून ती त्याचंच ऐकत बसली तर."

"हेच विचारायचं," शिल्पा म्हणाली. "डॉक्टरांचा प्रश्न चुकीचा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा तुमच्याकडे आहे."

तिने स्वतःच्या घरचंही सांगितलं. कुणाला हॉस्पिटलात न्यायचं असलं की आजोबा आधी देवाला गाऱ्हाणं घालत, मगच रिक्षा बोलवत. "पण रिक्षा बोलवत," ती म्हणाली. "झाडफूक करणाऱ्या भगताला नावं ठेवलीत तर ते घर तुम्हाला बंद झालं. भगतावर सोडून गप्प बसलात आणि बाई हातची गेली, तर वाट लागली. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. बाळंतीण झोपत नाही, भलतंच बोलते, बाळ माझं नाही म्हणते, तर तिथे थांबायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना. हे दुखणं बरं होतं, पण वाट बघत नाही."

आमच्याकडे अशा बाईला बाहेरचं लागलं म्हणतात. मी तसं म्हटलं. शिल्पा म्हणाली, "म्हणू देत. नाव काही का असेना, दवाखान्याची गाडी मिळाली पाहिजे."

आरे

शिबिरातून पाड्यावर आम्ही गेलो ते बायकांसोबत नुसतं बसायला. म्हशींचे तबेले मागे पडले आणि रस्ता झाडीत शिरला. मला वाटलं मी घरीच आले. तीच कुडाची भिंत, अंगणात तसंच सारवण. पण मान वर केली की झाडांच्या शेंड्यांमागे पवईचे काचेचे मनोरे दिसत. बायका वारलीत सुरुवात करत आणि वाक्य हिंदीत संपवत. कुणी पवईच्या ऑफिसात साफसफाईला जाते, कुणी अंधेरीच्या बाजारात भाजी विकते. आम्हाला तांदळाची भाकर आणि सुकटीची चटणी वाढली. चटणी आमच्यापेक्षा तिखट.

"बिबट्याची भीती नाही वाटत?" कमलने विचारलं.

"तो आपला वाघोबा," एक म्हातारी म्हणाली. "तो कुठे आम्हाला इथून उठ म्हणतो? उठवणारी माणसं वेगळी."

तेवढ्यात एक तरणा माणूस धापा टाकत अंगणात आला. अंगावर ऑफिसच्या हाउसकीपिंगचा निळा शर्ट. "वनिताने कडी लावलीय," तो म्हणाला. "बाळ आत आहे. कोयता पण आतच आहे."

हा संतोष. वनिता त्याची बायको.

घर पाड्याच्या टोकाला होतं. दाराशी संतोषची आई जानकी उभी होती. दोन्ही हातांनी दार बडवत होती. आतून बाळाचं रडणं येत होतं, भुकेलं, खरवडल्यासारखं. दोन माणसं पहार घेऊन आली होती.

"पहार खाली ठेवा," शिल्पा म्हणाली. आवाज चढवला नाही, पण त्यांनी ठेवली. "दार फुटलं तर घाबरून ती काय करेल सांगता येत नाही. संतोष, ही झोपली कधी?"

"बाळ झाल्यापासून डोळ्याला डोळा नाही."

मग तुकड्यातुकड्याने कळलं. बाळ अशक्त होतं म्हणून हॉस्पिटलात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. पाचवी पुजायची राहून गेली. घरी आणल्यापासून वनिता म्हणत होती, हे माझं नाही, बदलून दिलंय. जानकीने बोरिवलीच्या जंगलातल्या भगताला निरोप धाडला होता. आणि आज सकाळी घरात ठरलं होतं की भगत येईपर्यंत बाळाला मुलुंडला, संतोषच्या बहिणीकडे ठेवायचं. ते वनिताने ऐकलं असणार.

शिल्पाने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. भोंगा न वाजवता तबेल्यापाशीच थांबा, असं दोनदा बजावलं. मग माझ्याकडे वळली. "यमुना, तू बोल. तिला तुझी भाषा कळेल."

"मी? मी अजून शिकतेय."

"हे शिकलेलं आणि तिची भाषा बोलणारं दुसरं कोणी नाहीये इथे. मी बाजूलाच आहे."

मी दाराशी ओट्यावर बसले. आतापर्यंत मी कितीतरी घरांत बसलेय, पण तिथे माणूस समोर दिसतो. इथे समोर फळ्या होत्या आणि त्यामागे ते रडणं.

"वनिता," मी वारलीत म्हटलं. "मी यमुना. जव्हारची. तुझ्या सासरची नाही, पाड्याची पण नाही. दार उघड असं मी म्हणत नाही."

बाळ रडत होतं.

"मी फक्त बसते इथे."

मी भिंतीला पाठ टेकली. मग आतून आवाज आला, घोगरा. "जव्हारची कुठली?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"माझी आय विक्रमगडची."

"जवळच की. वनिता, दूध दाटलंय का गं तुला?"

"दगड झालेत."

"दुखत असेल."

"ह्याला का पाजू? हा माझा नाही. माझा त्यांनी पेटीतून बदलला."

"काय बोलते ही, बघा," जानकी पुढे झाली. शिल्पाने तिचा हात धरला आणि तिला स्वतःजवळ बसवलं.

माझ्या ओठांवर आलं होतं, अगं तुझंच आहे ते. वर्गात शिकलो होतो, अशा वेळी वाद घालायचा नाही आणि होयही म्हणायचं नाही. वर्गात ते सोपं वाटलं होतं. मी म्हटलं, "तुला तसं वाटतंय आणि तुझी झोप उडालीय, हे कळतंय मला. मग ह्याला एवढं धरून का बसलीस?"

"ह्याला नेलं तर माझा कसा मिळेल? हा दिला तरच तो देतील ना ते."

तिने बाळाला ओलीस ठेवलं होतं, पण जपूनही ठेवलं होतं. परकं बाळ, तरी ते गेलं तर आपलं कायमचं गेलं, असा तिचा हिशोब. माझ्या कानाशी शिल्पा पुटपुटली, "कोयता कुठंय, विचार."

"कोयता कुठंय, वनिता?"

कोयत्याचं नाव ऐकून पहारवाला एक माणूस पुढे सरकला.

"मांडीखाली."

"कशाला?"

"न्यायला येतील त्यांच्यासाठी."

"खोटं वचन देऊ नकोस," शिल्पा पुन्हा पुटपुटली. "काहीही झालं तरी."

मी डोळे मिटले. बाळाचा आवाज आता बारीक होत चालला होता. मोठ्याने रडण्यापेक्षा ते जास्त वाईट.

"दुसरं बाळ आणून देते, असं मी म्हणणार नाही," मी म्हणाले. "ते माझ्या हातात नाही. पण हे बाळ तुझ्यापासून कोणी वेगळं करणार नाही. तू जिथे, ते तिथे. ते मी बघते."

बोलून झाल्यावर शिल्पाकडे पाहिलं, तर तिचा चेहरा पडला होता. हॉस्पिटलात आईबरोबर बाळाला राहू देतील की नाही, तिलाही माहीत नव्हतं. पण शब्द गेला होता.

तेवढ्यात जानकी उठली. मला वाटलं, आता ही ओरडणार आणि सगळं संपणार. तिने दाराला कपाळ टेकलं. "वनी," ती म्हणाली, "मुलुंडला नाही पाठवत गं. मीच म्हणाले होते ते. नाही पाठवत."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मग बाजूच्या खिडकीच्या गजांतून कोयता बाहेर पडला, मातीवर. संतोषने झडप घालून तो उचलला आणि तिथेच गुडघ्यांवर बसला.

कडी त्यानंतर निघाली. वनिता दारात उभी होती. केस सुटलेले, लुगड्याचा पुढचा भाग दुधाने भिजलेला, बाळ छातीशी आवळलेलं. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल. ती कुणाकडेच बघत नव्हती. आता बाळासकट दवाखान्यात जायचं, असं मी तिला सांगितलं. मला म्हणाली, "तू चल."

तबेल्यापाशी पोचलो तर भगत समोरून कुणाच्या तरी बाइकवर मागे बसून येत होता. जानकी थांबली. मीही थांबले, कारण तो नको म्हणाला असता तर जानकी गाडीत चढली नसती, आणि मग संतोषही नाही. तो उतरला, वनिताच्या डोळ्यांकडे पाहिलं, तिच्या नाडीला बोट लावलं. "हिला झोप पाहिजे आधी," तो म्हणाला. "झोपेचं औषध माझ्याकडे नाही. जा तुम्ही. तांदूळ टाकून कौल मी मागाहून बघतो."

शिल्पाने त्याला हात जोडले. गाडी निघाली.

हॉस्पिटल

माझ्या शब्दाची परीक्षा तिथे पोचताच झाली. नर्स चांगली होती, पण म्हणाली, मानसिक रुग्णांच्या वॉर्डात तान्हं बाळ ठेवता येत नाही, बाळ घरच्यांकडे द्या. तिने हात पुढे केले आणि वनिताने माझ्याकडे पाहिलं. त्या अवस्थेत तिला नर्सचं बोलणं पुरतं कळलं नसेल, पण पुढे आलेले हात कळले. ती मागे सरकत भिंतीला टेकली. बाळाभोवतीची तिची बोटं पांढरी झाली होती.

मी मधे उभी राहिले. दुसरं काही सुचलंच नाही. "मी शब्द दिलाय तिला," मी म्हणाले. "बाळ तिच्यासमोर राहील. त्या शब्दावर तिने कोयता टाकलाय."

डॉक्टर तरुण होता, थकलेला. "हे प्रॅक्टिकल नाही हो, ताई. बाळाला काही झालं तर जबाबदार कोण?"

शिल्पा घाटकोपरच्या आवाजात सुरू झाली. "सर, तुमची भीती बरोबर आहे. एकटीच्या हातात बाळ द्या, असं आम्हीही म्हणत नाही. पण आत्ता ओढून घेतलंत तर ही उद्या कुठल्याच डॉक्टरचं औषध घेणार नाही. बाळंतिणींच्या वॉर्डात नर्सच्या टेबलाशेजारी खाट द्या. घरचं माणूस कायम बसेल. आम्ही पाळ्या लावतो ना."

त्याने वरिष्ठांना फोन लावला. तो बोलत असताना मी वनिताच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. फोन ठेवून तो म्हणाला, "ठीक आहे. पण पाळीतलं माणूस डुलकी काढताना दिसलं तर व्यवस्था बंद."

इंजेक्शनच्या आधी वनिताने अट घातली. ती झोपली तरी बाळ खाटेला लागूनच हवं. जानकी खाटेशेजारी मांडी घालून बसली, बाळाला मांडीवर घेतलं. वनिता डोळे मिटेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. जागी झाली तेव्हा पहिली नजर तिथेच गेली. बाळ तिथेच होतं.

उरलेलं शिबिर माझं त्या वॉर्डात झालं. संध्याकाळी कमल मढहून डबा आणायची, ओले बोंबील तळलेले, आणि होडीत आता डोळे उघडे ठेवते असं सांगायची. जानकीने पाचवी तिथेच पुजली, उशिरा का होईना. उशाशी चिमूटभर तांदूळ, बाळाच्या कपाळाला हळद. दिवा काढला तेव्हा नर्स धावत आली. "आजी, दिवा नको! पलीकडे ऑक्सिजन लावलाय. बाकी करा काय करायचं ते." जानकीने दिवा न पेटवताच ठेवला. मग तिने आणि नर्सने मिळून बाळाला आंघोळ घातली.

वनिता एकदम बरी झाली, असं मी सांगणार नाही. ती झोपू लागली, दोन घास खाऊ लागली. बाळ बदललंय हे मात्र म्हणत होती, आधी ठासून, मग विचारल्यासारखं. डॉक्टर म्हणाले वेळ लागेल, औषध सोडू नका. पाजायला त्यांनी परवानगी दिली होती, शेजारी कोणीतरी असेल तर. पण ती तोंड फिरवायची. दूध काढून चमच्याने पाजावं लागायचं.

निघायच्या दिवशी सकाळी मी भेटायला गेले. संतोष ड्युटीवर जायच्या तयारीत होता, जानकी चहा आणायला गेली होती, बाळ माझ्या मांडीवर. ते उठलं आणि रडायला लागलं. मी थोपटलं, फिरवलं, जुमानेना. वनिता खिडकीकडे तोंड करून पडली होती. मी चमचा शोधत होते.

ती कुशीवर वळली आणि बाळाकडे बघत राहिली, बाजारात एखादी वस्तू पारखावी तशी. कान बघितला, बोटं बघितली. मग उठून बसली आणि पदर सारला.

"कुणाचं का असेना," ती म्हणाली, "भूक लागलीय त्याला. आण इकडे."